कोण आलं नाही, हे कुणाला कळतं?

पत्र

ताई, मी विद्यापीठात शिकवते. नोकरीचं चौथं वर्ष. यंदा विभागप्रमुखांनी बोलावून सांगितलं, विद्यार्थी कल्याणाचं काम आता तुमच्याकडे. का, तर 'मुलं तुमच्याशी बोलतात.' शिकवण्याचे तास होते तेवढेच आहेत. समितीला 'वेलनेस सप्ताह' हवाय: उद्घाटन, व्याख्यान, सेल्फी पॉइंट. समुपदेशक आठवड्यातून दोन दिवस येतात, पण त्यांच्याकडे कुणी फिरकत नाही. गेल्या सत्रात पहिल्या वर्षाचा एक मुलगा मध्येच सोडून गेला. तो गेल्याचं आम्हाला तीन आठवड्यांनी कळलं, तेही त्याच्या वडिलांनी वसतिगृहाची अनामत रक्कम परत मागायला फोन केला तेव्हा. रात्री अकरा-बाराला मुलांचे मेसेज येतात. उत्तर दिलं तर संपत नाही, न द्यावं तर भीती वाटते. मी काही समुपदेशक नाही. पैसा थोडा, माणसं त्याहून थोडी. सुरुवात कुठून करू?

ता. क. त्या मुलाला फोन करावासा वाटतो. करू का?

– अचानक अधिकारी

उत्तर

प्रिय अचानक अधिकारी,

तुमचं पत्र वाचताना मी अनामत रकमेपाशी थांबले. एक मुलगा तीन आठवडे वर्गात नव्हता, प्रॅक्टिकलला नव्हता, मेसमध्ये नव्हता, खोलीत नव्हता. या चारही ठिकाणी कुणाच्या ना कुणाच्या हातात वही होती. वर्गात हजेरीपट, प्रयोगशाळेत जर्नलची यादी, मेसमध्ये कूपन, वसतिगृहात रात्रीची सही. चारही वह्यांत त्याच्या नावापुढे रेघा पडत गेल्या आणि वह्या आपापल्या कपाटात बंद झाल्या. कुणी हलगर्जीपणा केला असंही म्हणता येणार नाही. हजेरी परीक्षेला बसू द्यायचं की नाही ते ठरवायला, सही शिस्तीला, कूपन हिशेबाला. 'हा दिसत नाही, काय झालं असेल?' असं विचारायला मात्र एकही वही नाही.

म्हणून 'सुरुवात कुठून'चं माझं उत्तर लहान आहे. या सत्रात एवढंच साधा: पहिल्या वर्षाचं एखादं मूल सात दिवस कुठेच दिसलं नाही, तर आठव्या दिवशी त्याला नावानिशी ओळखणाऱ्या कुणाचा तरी फोन गेला पाहिजे. बाकीचं सगळं त्यानंतर.

यासाठी कुठलं सॉफ्टवेअर घेऊ नका. विकणारे येतील, रंगीत आलेख दाखवतील. फाटकावरच्या कार्डाच्या नोंदी, वाय-फायचा वापर, कॅमेरे असलं काही जोडायच्या भानगडीत तर मुळीच पडू नका. आपल्यावर पाळत आहे हे मुलांना लगेच कळतं आणि ती बोलायची थांबतात. मग ज्या कारणासाठी हे काम तुमच्या गळ्यात पडलं, तेच कारण उरणार नाही. दर शुक्रवारी दुपारी वीस मिनिटं काढा. पहिल्या वर्षाला शिकवणारे दोन-तीन जण आणि रेक्टर यांनी फक्त नावं सांगायची. कारणं, शेरे, 'तो तसलाच आहे' वगैरे काही नाही. दोन ठिकाणांहून तेच नाव आलं की फोन.

फोनवर पहिलं वाक्य काय, याला फार महत्त्व आहे. 'तुझी हजेरी कमी आहे' अशी सुरुवात केलीत की पलीकडचं मूल बचावाला लागतं, घरी कळवू नका म्हणून गयावया करतं आणि खरं कारण पोटातच राहतं. 'आठवडाभर दिसला नाहीस, म्हणून फोन केला' एवढं पुरतं. दहा फोन केलेत तर सात-आठ जणांना नुसता ताप आलेला असेल, नाहीतर घरी काही कार्य असेल. ते फोन वाया गेले असं मानू नका. आपण नसलो तर कुणीतरी विचारतं, हे त्या सात-आठ जणांनाही कळलेलं असतं.

आणि या वीस मिनिटांत ज्यांना कधीच कुणी बोलावत नाही त्यांना विसरू नका. वसतिगृहाचे वॉचमनकाका, मजला झाडणाऱ्या मावशी, ग्रंथालयात पुस्तकं लावणारा शिपाई. कोणत्या खोलीचं दार दोन दिवस उघडलं नाही, कोण मेसला जायचं बंद झालंय, कोण रात्रभर जिन्यात बसून असतं, हे प्राध्यापकांच्या कितीतरी आधी त्यांना ठाऊक असतं. त्यांना बैठकीला बसवायची गरज नाही. काय दिसलं तर सांगायचं आणि कुणाला सांगायचं, या दोनच गोष्टी त्यांना नीट समजावा. 'सांगितलं तर मुलावर कारवाई होणार नाही' ही हमीही द्या आणि ती पाळा. एकदा जरी मावशींनी सांगितलेल्या गोष्टीवरून मुलाला नोटीस निघाली, तर पुढे त्या काही सांगायच्या नाहीत.

मुलं शिक्षण अर्धवट का सोडतात, याचं उत्तर पूर्वी बहुतेक मुलांमध्येच शोधलं जायचं: कुवत नाही, जिद्द नाही, घरचं वळण नाही. व्हिन्सेंट टिंटो या अमेरिकी अभ्यासकाने १९७५ मध्ये प्रश्न उलटा फिरवला. मूल टिकतं की जातं, हे ते तिथल्या अभ्यासात आणि तिथल्या माणसांत किती मिसळलं यावरही ठरतं, असं त्याने मांडलं. पन्नास वर्षांत त्या मांडणीवर पुष्कळ टीका झाली, त्याने स्वतःही तिच्यात दुरुस्त्या केल्या. तरी प्रत्यक्ष काम करणाऱ्याला ती उपयोगी पडते, कारण त्यात आपल्या हातात काहीतरी उरतं. जिद्द तुम्ही वाटू शकत नाही. प्रॅक्टिकलच्या बॅचेस मात्र तुम्हीच पाडता.

बॅचेसचं मी उगाच म्हणत नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये विवाहित विद्यार्थ्यांसाठी वेस्टगेट वेस्ट नावाची वसाहत होती. लिओन फेस्टिंगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथे कोण कुणाचा मित्र झाला याचा अभ्यास केला. तो १९५० मध्ये प्रसिद्ध झाला. अगदी लागून दार असलेल्यांपैकी ४१ टक्के एकमेकांचे मित्र झाले होते, त्याच मजल्याच्या दोन टोकांना राहणाऱ्यांपैकी १० टक्के. चालायला फारसं अंतर नव्हतंच. आवडीनिवडी, स्वभाव हे सगळं नंतर येतं. आधी माणूस येता-जाता समोर पडावा लागतो. त्यामुळे वसतिगृहातल्या खोल्यांचं वाटप, वर्गातली बसण्याची जागा, प्रयोगशाळेतल्या जोड्या ही कारकुनी कामं वाटली तरी मैत्रीची पेरणी तिथेच होते. एकाच गावाची, एकाच शाळेची मुलं एका मजल्यावर आणि लांबून आलेलं एकटं मूल टोकाच्या खोलीत, असं वाटप झालेलं असेल तर पुढे कितीही स्नेहमेळावे घ्या. पुढच्या वर्षीची यादी लागण्यापूर्वी रेक्टरांशेजारी बसून एक दुपार घालवा. फुकटात होणारं याहून मोठं काम मला माहीत नाही.

मात्र एकत्र बसवलं म्हणजे झालं, असंही नाही. कॅन्सस विद्यापीठाच्या जेफ्री हॉल यांनी मैत्रीला किती वेळ लागतो याचे चक्क तास मोजले. वरवरच्या मैत्रीला साधारण ५०, बऱ्यापैकी मैत्रीला ९० आणि जिवाभावाच्या मैत्रीला २०० हून जास्त. शिवाय वर्गात किंवा कामात शेजारी घालवलेल्या तासांपेक्षा नुसतं टाइमपास करत घालवलेले तास जास्त कामाचे ठरले. आता तुमच्या 'स्वागत समारंभा'चा हिशेब मांडा. सहा तास, त्यातले पाच स्टेजकडे तोंड करून.

या कामातल्या माझ्या पहिल्या वर्षी मी असाच एक समारंभ केला होता. हॉल भरला, फोटो छान आले, अहवालात छापले. सत्र संपताना एक मुलगी दाखला न्यायला आली. मी तिला विचारलं, तू स्वागताला आली होतीस का? म्हणाली, 'आले होते ना मॅडम, शेवटपर्यंत होते. माझं नाव कुणी विचारलं नाही.' ती हे रागाने नव्हती म्हणत. तिला वाटलं मी अहवालासाठी उपस्थिती विचारतेय.

म्हणून प्रॅक्टिकलच्या बॅचला लागून एक रिकामा तास सोडवून घेता येतो का बघा आणि त्या तासाला बसायला जागा. वेळापत्रक करणारे कुरकुरतील. जागेचं दुखणं सगळ्यात जास्त असतं ते रोज ये-जा करणाऱ्या मुलांना. वसतिगृहातल्या मुलाला निदान कॉट असते. ये-जा करणारं मूल दोन तासांच्या मधल्या वेळात जिन्यात बसतं, मोबाइलची बॅटरी संपेपर्यंत मोबाइल बघतं आणि शेवटच्या गाडीच्या भीतीने पाच वाजता पळतं. तुमची सगळी मंडळं, क्लब, तालमी सहानंतर. मग आपण म्हणतो, ही मुलं कशात भागच घेत नाहीत. एक बंद पडलेली खोली मिळवा. बाकं, पंखा, चार्जिंगचे सॉकेट, सामान ठेवायला लॉकर, एवढं बास. तिथे सूचनाफलक लावू नका, सुविचार तर नकोतच.

क्लबांबद्दल एकच. निवड चाचणी घेऊन ज्यात प्रवेश मिळतो ते क्लब आधीच चमकणाऱ्यांसाठी असतात. चषक त्यांना आणू द्या. तुम्ही असे दोन-तीन उपक्रम उभे करा जिथे येईल त्याला घेतलं जातं आणि काहीतरी हाताने करायचं असतं: सायकल दुरुस्ती, भिंत रंगवणं, पुस्तकांना कव्हर घालणं, काहीही. लाजरी मुलं 'चला, मोकळेपणाने बोलूया'ला येत नाहीत. हात गुंतलेले असले की आपोआप बोलतात.

आता तुमचा सप्ताह. समितीशी भांडू नका, हरालच. समितीला फोटो हवा असतो आणि तो मिळेपर्यंत तिला दुसरं काही ऐकू येत नाही. एक दिवस द्या, उद्घाटन होऊ द्या. उरलेल्या दिवसांचा खर्च मात्र लॉकर आणि सॉकेटकडे वळवून घ्या आणि त्याला 'सप्ताहांतर्गत उपक्रम' म्हणा. व्याख्यानाची जागा दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या मुलांना द्या. पाहुणे 'सकारात्मक राहा' सांगून निघून जातील. मोठ्या वर्गातली मुलगी 'पहिले दोन महिने मी रोज बाथरूममध्ये रडायचे, मला वाटायचं फक्त मलाच जमत नाही' असं सांगते, तेव्हा मागच्या बाकावर काहीतरी हलतं.

यालाही आधार आहे. ग्रेगरी वॉल्टन आणि जेफ्री कोहेन यांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात एका अमेरिकी विद्यापीठातल्या नव्या विद्यार्थ्यांना साधारण तासाभराचं काम दिलं होतं. आपण इथले नाही असं सुरुवातीला सगळ्यांनाच वाटतं, ते हळूहळू ओसरतं, असे जुन्या विद्यार्थ्यांचे अनुभव वाचायचे आणि त्यावर स्वतःचं लिहायचं. तिथल्या कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांचे गुण पुढची तीन वर्षं सुधारत गेले. हे वाचून हुरळून जाल, म्हणून पुढचंही सांगते. २०२३ मध्ये २२ संस्था आणि २६ हजारांहून जास्त विद्यार्थ्यांवरच्या मोठ्या अभ्यासात दिसलं की हे सगळीकडे सारखं चालत नाही. ज्या ठिकाणी त्या मुलांना सामावून घेण्याची खरोखर सोय होती तिथेच त्याचा उपयोग झाला. 'तू आमचाच आहेस' हे नुसतं सांगून भागत नाही. बसायला बाक लागतो.

समुपदेशकांकडे कुणी फिरकत नाही म्हणता. त्यांची खोली कुठे आहे? माझा अंदाज सांगते: कार्यालयाशेजारी, काचेचं दार, बाहेर रजिस्टर आणि त्यात 'भेटीचे कारण' असा रकाना. तिथून निम्मी मुलं परत जातात. रजिस्टर आजच उचला. वेळ मेसेजवरून ठरू द्या. खोली अशा ठिकाणी हलवा जिथे मूल दुसऱ्या कुठल्याही कामासाठी गेलं असू शकेल. ग्रंथालयाचा मागचा भाग उत्तम. आणि शिस्तपालन समितीत समुपदेशकांचं नाव असेल तर ते काढून घ्या. ज्याच्याकडे मन मोकळं करायचं तोच उद्या चौकशीच्या टेबलापलीकडे बसलेला दिसला, की विषय संपला.

'मी समुपदेशक नाही' हे तुमचं वाक्य मला आवडलं. ते जपा. तुमचं काम ऐकायचं, नीट विचारायचं, योग्य माणसापर्यंत न्यायचं आणि दोन दिवसांनी 'गेलास का, कसं झालं?' विचारायचं. 'न्यायचं' म्हणजे खरोखर न्यायचं. मोडून पडलेल्या माणसाला फोन नंबर देऊन पाठवलं, तर तो नंबर खिशातच राहतो. दारापर्यंत बरोबर जा. ज्यांचा हा व्यवसाय नाही अशा लोकांसाठीच बेटी किचनर आणि अँथनी जॉर्म या ऑस्ट्रेलियन दांपत्याने २००० साली मानसिक प्रथमोपचाराचं प्रशिक्षण सुरू केलं. असं काही तुमच्या आवाक्यात असेल तर एकट्या जाऊ नका, रेक्टरांना आणि दोन शिपायांनाही घेऊन जा.

एक गोष्ट मात्र टाळू नका. एखादं मूल 'आता काही अर्थ नाही', 'मी नसलो तर बरं' असं बोलू लागलं, आपल्या वस्तू वाटून टाकू लागलं, तर सरळ विचारायचं: 'जीव द्यावा असं मनात येतंय का?' हा प्रश्न विचारून आपणच ते डोक्यात घालू, अशी भीती जवळजवळ प्रत्येक शिक्षकाला वाटते. मलाही वाटायची. २००५ मध्ये मॅडेलिन गूल्ड आणि सहकाऱ्यांनी न्यूयॉर्क राज्यातल्या २,३४२ शाळकरी मुलांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. आत्महत्येबद्दल थेट विचारलेल्या मुलांत त्रास किंवा तसले विचार वाढलेले दिसले नाहीत. उत्तर 'हो' आलं तर उपदेश करू नका, आईवडिलांची आठवण करून देऊन अपराधी वाटायला लावू नका. त्याला एकटं सोडायचं नाही, जिवाला धोका होईल असं काही जवळ राहू द्यायचं नाही आणि त्याच दिवशी डॉक्टरांपर्यंत पोचवायचं.

इथेच माझी एक मोठी चूक सांगते. एका मुलाने बोलण्याआधी माझ्याकडून वचन घेतलं, 'कुणालाही सांगणार नाही ना?' मी हो म्हटलं. त्याने सांगितलेलं इतकं गंभीर होतं की मला त्याच संध्याकाळी सांगावंच लागलं. तो वाचला, बरा झाला, पण माझ्याशी पुन्हा बोलला नाही. तेव्हापासून मी आधीच सांगते, 'तुझं बोलणं माझ्यापाशी राहील. तुझ्या किंवा दुसऱ्या कुणाच्या जिवाला धोका वाटला तरच मी आणखी एका माणसाला सांगेन, आणि आधी तुला सांगून मगच.' हे ऐकून कुणी उठून गेलं असं झालं नाही. (छळाची, लैंगिक त्रासाची तक्रार मात्र समेटाने मिटवायला जाऊ नका, कितीही वरून फोन आले तरी. ती त्यासाठीच्या समितीकडे, लेखी, त्या मुलीच्या इच्छेने.)

रात्रीचे मेसेज. एका माणसाने चोवीस तास पुरं पडायचं ठरवलं की दुसऱ्या सत्रात ते माणूसच आजारी पडतं. मुलांना तुमची वेळ सांगा, रात्री नऊ म्हणजे नऊ. नऊनंतर कुणाला फोन करायचा तेही त्याच वाक्यात सांगा, नाहीतर तो नुसता नकार होतो. रेक्टर, तुम्ही आणि आणखी तीन शिक्षक मिळून एकच फोन पाळीपाळीने सांभाळा. नंबर एकच, माणूस बदलतं. इंग्लंडमध्ये एसेक्स विद्यापीठात १९७० मध्ये 'नाइटलाइन' सुरू झाली. रात्री विद्यार्थीच विद्यार्थ्यांचं ऐकतात, नाव विचारत नाहीत, सल्ला देत नाहीत. पुढे ती पद्धत इतर अनेक विद्यापीठांत पसरली. ही कल्पना तुम्हाला मोहात पाडेल. प्रशिक्षण आणि मागे उभा राहणारा जाणता माणूस, या दोन्हीशिवाय ती सुरू करू नका. वीस वर्षांच्या पोरावर पहाटे तीनला एकट्याने तसला फोन घ्यायची वेळ येता कामा नये.

पैशाचं थोडक्यात. शक्य असेल तर अगदी लहानसा तातडीचा निधी उभा करा, जो एका सहीने दोन दिवसांत मिळेल. अर्जासोबत सात कागद मागणारा मोठा निधी मुलाच्या हातात पडेपर्यंत फॉर्म भरायची मुदत गेलेली असते. मन खचलंय म्हणून आमच्याकडे आलेल्या कितीतरी मुलांचं दुखणं मुळात अडकलेली शिष्यवृत्ती, थकलेली फी किंवा न मिळणारा दाखला हेच होतं. खिडकीपलीकडच्या क्लार्कबाईंशी तुमची मैत्री असेल तर त्यातली निम्मी प्रकरणं एका फोनने सुटतील.

आता ताजा कलम. हो, फोन करा. वडिलांना नाही, त्यालाच. 'परत ये' म्हणू नका. त्याने सोडलं ते कदाचित त्याच्यासाठी बरोबरही असेल. 'का गेलास' असंही नको, त्यात चौकशीचा वास येतो. स्वतःचं नाव सांगा, कोणता विषय शिकवायचात ते सांगा आणि म्हणा, 'तू गेल्याचं आम्हाला उशिरा कळलं. ते कळायला हवं होतं.' मग थांबा. तो गप्प राहील, 'ठीक आहे मॅडम' म्हणेल, कदाचित फोन ठेवेल. बोलायच्या मनःस्थितीत असला तर एवढंच विचारा, की तिथे असताना तो कुणाला नावाने ओळखत होता. जे नाव सांगेल ते लिहून ठेवा. वर्गातलं असेल, मेसमधलं असेल, वॉचमनकाकांचंही असेल. तुमच्या शुक्रवारच्या वीस मिनिटांना पहिल्यांदा त्यांना बोलवा. आणि त्याने एकही नाव सांगितलं नाही, तर मला पुन्हा लिहा.

– ताई